ॲम्प्लिफायर किटमधले रजिस्टन्स ओळखायचे कसे?

विट्याहून आयटीआयला जाणाऱ्या एका मुलाचा प्रश्न आहे. गावच्या भजनी मंडळासाठी त्यानं टीडीए २०३० या ॲम्प्लिफायर आयसीचं स्टिरिओ किट आणलंय, बेस-ट्रेबलसकट, १२-०-१२ च्या ट्रान्सफॉर्मरवर चालणारं. सगळे रजिस्टन्स एकाच पिशवीत आलेत. काही मातकट अंगाचे चार पट्ट्यांचे, काही निळे पाच पट्ट्यांचे. यादीत ६८०ई, २२के, २के२, १०के, १ई असं लिहिलंय (ई म्हणजे ओहम, के म्हणजे हजार ओहम, २के२ म्हणजे २.२ के). तो म्हणतो, "काका, १०के शोधतोय तर १२०ई निघतोय. १ई मीटरवर १.६ दाखवतोय. रंगावर जाऊ का मीटरवर? आणि पाव वॅटच्या जागी अर्धा वॅट चालतो का?"

शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो, कारण ते लगेच संपतं. बोर्डावर जागा असेल तर पाव वॅटच्या जागी अर्धा वॅट खुशाल बसव. अर्ध्या वॅटच्या जागी पाव वॅट मात्र बसवू नको.

आता बाकीचं. मीटरवर जा. रंग वाचायचे ते ढीग पाडण्यापुरते. बोर्डात पाय घालायच्या आधी प्रत्येक नग मीटरवर मोजायचाच. आयटीआयमध्ये तुम्हाला बी. बी. रॉयचं, म्हणजे रंगांच्या आकड्यांचं, गाणं पाठ करून घेतलं असेलच: काळा शून्य, तपकिरी १, लाल २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, करडा ८, पांढरा ९. ते पाठ असणाऱ्यांचेच बोर्ड माझ्याकडं दुरुस्तीला येतात. पाठांतराची काही चूक नसते. चूक होते ती रात्री दिव्याखाली, स्वस्तातल्या रजिस्टन्सवरचा तपकिरी, लाल आणि नारिंगी रंग वेगळा ओळखताना.

तुझ्याच किटमधलं घे. २२०ई, २के२ आणि २२के यांच्या पहिल्या दोन पट्ट्या लाल-लाल. फरक फक्त तिसऱ्या पट्टीत: २२०ई ला तपकिरी, २के२ ला लाल, २२के ला नारिंगी. म्हणजे जे तीन रंग एकमेकांत मिसळतात, तेच इथं दहापटीचा हिशोब सांगतात. मातकट अंगावर रंग थोडा फिका छापला गेला की नारिंगी आणि लाल सारखेच दिसतात. निळ्या अंगावर तपकिरी जांभळट दिसतो आणि जांभळा काळपट. पिवळ्या बल्बखाली तर विचारूच नको. दिवसा, दारात बसून, पांढऱ्या कागदावर नग ओळीनं मांड. एकटा रंग फसवतो, शेजारी दुसरा ठेवला की फरक कळतो. मोबाइलनं फोटो काढून मोठा करून बघितला तरी चालतं, पण सगळे एकाच फोटोत घे.

आता १०के चं कोडं. पाच पट्ट्यांच्या रजिस्टन्समध्ये पहिल्या तीन आकड्यांच्या, चौथी शून्यांची आणि पाचवी टक्क्यांची, म्हणजे किंमत किती इकडंतिकडं असू शकते त्याची. १ टक्क्याच्या मालावर ती पाचवी तपकिरी असते. १०के म्हणजे तपकिरी, काळा, काळा, लाल, तपकिरी. दोन्ही टोकांना तपकिरी! तो उलटा धरून वाच: तपकिरी, लाल, काळा, काळा, तपकिरी. १, २, ० आणि पुढं शून्य नाही. झाला १२०ई. तुझ्या हातात बहुतेक १०के च आहे, तू तो उलटा वाचतोयस. मीटर २०के वर ठेव आणि लाव, दहाच्या आसपास आकडा आला की विषय मिटला.

२२के चं पण तसंच आहे. सरळ वाचला तर लाल, लाल, काळा, लाल, तपकिरी. उलटा वाचला तर १२के, २ टक्क्यांचा. दोन्ही किमती बाजारात मिळतात, म्हणून संशयसुद्धा येत नाही. ६८०ई उलटा वाचलास तर दहा गिगाओहम निघतो. असला नग ॲम्प्लिफायरच्या किटमध्ये येणार नाही, त्यामुळं तिथं चूक आपोआप पकडली जाते. चांगल्या कंपनीच्या मालात टक्क्याची पट्टी जरा लांब असते. किटमधल्या मालात सगळ्या पट्ट्या सारख्याच अंतरावर असतात, तेव्हा तो नियम पुस्तकातच राहू दे. चार पट्ट्यांच्या मालात सोपं आहे: सोनेरी किंवा चंदेरी पट्टीपासून वाचायला सुरुवात होतच नाही. त्या रंगांना आकडा नाही.

आणखी एक चाळणी डोक्यात ठेव. साध्या मालाच्या किमती १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२ या आकड्यांवरच चालतात, पुढं फक्त शून्यं वाढतात. वाचून २६के किंवा ७२ई असं काही निघालं तर पट्टी चुकीची वाचली असं समज. एक टक्क्याच्या मालात मधल्या किमती पण असतात, पण यादीत तसला आकडा नसेल तर पिशवीत तरी कशाला असेल?

आता मीटर. तुझ्याकडं तो पिवळा स्वस्त डिजिटल मीटर असणार. त्यावर २०० ची रेंज लाव आणि दोन्ही प्रोब एकमेकांना घट्ट टेकव. शून्य येणार नाही. ०.५, ०.६ असं काहीतरी येईल. तो वायरचा आणि सॉकेटचा रजिस्टन्स. तुझा १ई जर १.६ दाखवतोय आणि प्रोब टेकवल्यावर ०.६ येतोय, तर १.६ मधून ०.६ वजा कर. नग बरोबर आहे. कमी ओहमचा कुठलाही रजिस्टन्स असाच वजाबाकी करून मोजायचा. प्रोबची टोकं काळी पडली असतील तर आधी घासून घे, नाहीतर आकडा नाचत राहतो.

वरच्या टोकाला उलटी भानगड असते. १०० के च्या पुढचा रजिस्टन्स मोजताना दोन्ही पाय बोटांनी दाबून धरलेस तर अंगातूनही करंट जातो आणि आकडा कमी येतो. एक पाय धर, दुसरा मोकळा ठेव. डाव्या बाजूला नुसता १ दिसला तर रेंज कमी पडतेय, नग खराब आहे असं लगेच समजू नको. आणि बोर्डात बसवलेला रजिस्टन्स जागेवर मोजून निकाल देऊ नको, शेजारच्या वाटेनं करंट फिरतो आणि आकडा कमी दिसतो. संशय असेल तर एक पाय उचलून मोज. सप्लाय बंद, मोठे कंडेन्सर डिस्चार्ज केलेले, हे धरूनच चाल.

२२के च्या ठिकाणी मीटरनं २१.६ दाखवला म्हणून दुकानात परत जाऊ नको. पाच टक्क्यांत २०.९ ते २३.१ पर्यंत सगळं चालतं. ६८०ई साठी ६४६ ते ७१४. डाव्या-उजव्या चॅनेलमध्ये पाच टक्क्यांचा फरक पडला तरी आवाजात तो अर्ध्या डेसिबलपेक्षाही कमी येतो, भजनातल्या कुणाला तो ऐकू येणार नाही. ज्यांना चैन पडत नाही त्यांनी चार-चार नग मोजून जोड्या लावाव्यात, फुकटचं काम आहे. घातक ठरते ती दहापटीची चूक.

दहापटीची चूक काय करते ते सांगतो, कारण योग्य रजिस्टन्स ओळखणं म्हणजे नुसता आकडा जुळवणं नव्हे, तो तिथं कशासाठी बसलाय हे कळणं. तुझ्या आयसीला प्रत्येक बाजूला एक २२के आणि एक ६८०ई अशी फीडबॅकची, म्हणजे आउटपुटचा थोडा भाग परत इनपुटला देणारी, जोडी आहे. आवाज किती पट वाढायचा, म्हणजे गेन, ते ही जोडी ठरवते: २२००० भागिले ६८०, अधिक १. साधारण ३३ पट, म्हणजे ३० डेसिबल. या आयसीला २४ डेसिबलपेक्षा कमी गेन चालत नाही. कमी केला की तो शांत न होता उलटा पिसाळतो, कानाला ऐकू न येणाऱ्या वरच्या फ्रिक्वेन्सीला आपोआप कंपायला लागतो.

गणपतीच्या आधी मिरजेला माझ्याकडं एका मंडळाचा असाच बोर्ड आला होता. तक्रार अशी, की गाणं लावलं नाही तरी आयसी हात लावू देत नाही, आणि आउटपुटजवळचा १ई काळा पडतो. आधीच्यानं तो बदलून दिला होता, तो पण काळा पडला. आता १ई चं काम बघ. तो ०.१ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरबरोबर आउटपुटपासून ग्राउंडला बसलेला असतो. एक किलोहर्ट्झला त्या कंडेन्सरचा अडथळा सोळाशे ओहमच्या घरात, म्हणजे गाण्याचा करंट त्या वाटेनं जवळजवळ जातच नाही. एक मेगाहर्ट्झला तोच अडथळा दीड ओहमच्या आसपास येतो. म्हणून १ई जळला की समजायचं, आयसी वर कुठंतरी ओरडतोय. १ई ला दोष नाही, तो चुगली करतोय. मी भिंग लावून ६८०ई च्या जागी बघितलं. निळा, करडा आणि तिसरी पट्टी लाल. ६के८. तपकिरीच्या जागी लाल. गेन चारपटीवर आलेला. एक पाय उचलून मोजला, ६.७ आला, काढून टाकला. ६८०ई बसवल्यावर आयसी कोमट झाला आणि नवा १ई जसाच्या तसा राहिला.

उलट बाजूची चूक म्हणजे ६८०ई च्या जागी ६८ई. निळा, करडा, काळा. मग गेन तीनशे पटीच्या वर जातो. व्हॉल्यूम जरा वाढवला की आवाज फाटतो, हम आणि सूंऽऽ असा आवाज सतत. गंमत म्हणजे बेससुद्धा गायब होतो, आणि लोक ट्रान्सफॉर्मर बदलत बसतात. त्या रजिस्टन्सला सिरीजमध्ये २२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असतो. ६८०ई बरोबर त्याची खालची मर्यादा १० हर्ट्झच्या आसपास पडते, ६८ई बरोबर ती शंभराच्या वर सरकते. मृदंगाची डाव्या हाताची थाप तिथंच असते, ती गेली की भजनी मंडळ तुला सोडणार नाही.

इनपुटकडून ग्राउंडला बसलेला दुसरा २२के बघ. तो फीडबॅकच्या २२के एवढाच का? आयसीच्या दोन्ही इनपुटना थोडासा करंट लागतो, दोन्हीकडं सारखा रजिस्टन्स असला की दोन्हीकडं सारखाच व्होल्टेज पडतो आणि आउटपुटला डीसी सरकत नाही. म्हणून ही जोडी शक्यतो एकाच मापाची निवड. आणि फीडबॅकच्या २२के चा टाका नीट मार. तो टाका सुटला की आउटपुट सप्लायच्या एका टोकाला जाऊन चिकटतं, आणि पंधरा-एक व्होल्ट डीसी थेट स्पीकरच्या कॉइलमध्ये जातो. पाच पैशांच्या रजिस्टन्सपायी स्पीकर जातो तो असा.

एलईडीचा २के२ सगळ्यात बिनमहत्त्वाचा, तरी तिथली चूक डोळ्याला दिसते म्हणून सांगतो. तुझा सप्लाय साधारण १६ व्होल्टचा होईल, एलईडी २ घेईल, उरले १४. २के२ मधून सहा मिलिअँपिअरच्या आसपास करंट जातो, झकास. चुकून २२के बसला तर एलईडी मिणमिणतो. २२०ई बसला तर साठच्या वर मिलिअँपिअर, एलईडी तर जातोच, रजिस्टन्सवर पाऊण वॅटपेक्षा जास्त उष्णता येते आणि पाव वॅटचा नग करपतो. जळका वास आला की पहिल्यांदा तिथं बघ.

यादी वाचण्यातही पोरं गडबडतात. आपल्याकडं ओहमला ई लिहितात, बाहेरच्या किटमध्ये आर. ६८०ई आणि ६८०आर एकच. अक्षर जिथं असतं तिथं दशांश चिन्ह समज: ४के७ म्हणजे ४.७ के, ०आर२२ म्हणजे ०.२२ ओहम. पण बोर्डावर छापलेला आर२२ हा बावीस नंबरचा रजिस्टन्स, किंमत नव्हे! यादीत दोन रकाने असतात, नंबर आणि किंमत, पट्टी धरून वाच. ५२००-१९४३ या ट्रान्झिस्टरच्या जोडीच्या बोर्डात, म्हणजे डॉल्बीवाले वापरतात त्यात, आउटपुट ट्रान्झिस्टरच्या एमिटरला ०.२२ ओहम ५ वॅटचे पांढरे सिमेंटचे रजिस्टन्स असतात. तिथं २२ ओहम बसवणारे मी पाहिलेत. त्या पांढऱ्या ठोकळ्यांवर शेवटी जे किंवा के असं अक्षर असतं. जे म्हणजे पाच टक्के, के म्हणजे दहा टक्के. ‘५ वॅट ०.२२ ओहम के’ यातला के किलोचा नाही.

०.२२ ओहम तुझ्या मीटरवर मोजता येणार नाही. वजाबाकीचा आकडाच त्याच्यापेक्षा मोठा आहे. पुढं कधी मोठा बोर्ड केलास तर असं कर: १२ व्होल्टच्या बॅटरीला मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १० वॅटचा बल्ब आणि हा रजिस्टन्स सिरीजमध्ये लाव. मीटर १० अँपिअरच्या सॉकेटला लावून आधी करंट बघ, समजा ०.८ आला. मग मीटर काढून सर्किट परत जोड, लीड व्होल्टच्या सॉकेटला लावून रजिस्टन्सच्या दोन पायांवर मिलिव्होल्ट बघ. १७६ च्या आसपास आला तर माल खरा. हीच युक्ती पुढं बायस, म्हणजे गाणं नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहणारा करंट, सेट करताना उपयोगी पडते: ०.२२ वर ११ मिलिव्होल्ट म्हणजे ५० मिलिअँपिअर.

वॅट अंगाच्या मापावरून ओळखायचा. पाव वॅटचं अंग सहा मिलिमीटरच्या आसपास, अर्ध्या वॅटचं नऊ, एक वॅटचं अकरा-बारा. हल्ली निळ्या मालात पाव वॅटच्या अंगात अर्धा वॅट पण येतो, त्यामुळं पाकीट बघून घ्यायचा. किटवाले कधी कधी सगळीकडं एक-अष्टमांशचे बारीक नग घालतात, सिग्नलच्या जागी ते चालतात. आउटपुटच्या १ई ला मात्र मी निदान अर्धा वॅट घालतो, आणि तिथं तारेच्या गुंडाळीचा घेत नाही. गुंडाळी म्हणजे कॉइल आली, आणि वरच्या फ्रिक्वेन्सीचं काम करायलाच तर तो रजिस्टन्स ठेवलाय. कार्बन किंवा मेटल ऑक्साइड घे.

निळा का मातकट, या वादात मी पडत नाही. इनपुट आणि फीडबॅकला मेटल फिल्म घाल, सूं आवाज थोडा कमी येतो आणि किंमत वर्षानुवर्षं जागेवर राहते. बाकी ठिकाणी कार्बन फिल्म पुरे. पायाला लोहचुंबक चिकटला म्हणून रजिस्टन्स नकली असं कुणी सांगितलं तर ऐकून घे आणि सोडून दे, तांब्याचा मुलामा दिलेले लोखंडी पाय सर्रास येतात आणि तुझ्या भजनाला त्याचा काही फरक पडत नाही. जुन्या भंगारातून काढलेला माल मात्र वापरू नको. २०१९ च्या पुरात भिजलेले सेट सांगलीत अजून माळ्यावर पडलेत, त्यातले रजिस्टन्स वरून ठणठणीत दिसतात. पायाची टोपी आतून गंजलेली असते, आज मीटरवर बरोबर दाखवतो आणि महिन्यानं तुटतो.

पिशवीत एकाच काळ्या पट्टीचा नग सापडला तर तो शून्य ओहमचा, नुसता जंपर, फेकून देऊ नको. हिरवट, मधे बारीक आणि टोकांना फुगीर असा कुणी सापडला आणि मीटरवर एक-दोन ओहमच दाखवला, तर तो रजिस्टन्स नाही, इंडक्टर आहे. ब्लूटूथची पट्टी सोबत असेल तर तिथला असणार. व्हॉल्यूमच्या पॉटवर बी ५०के छापलंय का बघ. बी म्हणजे सरळ चालीचा, थोडा फिरवला की आवाज एकदम उसळतो. ए छापलेला मिळाला तर तो घे, नाही मिळाला तर अडून बसू नको.

आता कामाची पद्धत. एक थर्माकोलचा तुकडा घे. यादीतली प्रत्येक किंमत त्यावर पेननं लिही, आणि मोजलेला नग त्या किमतीसमोर पाय खोचून उभा कर. पिशवी रिकामी झाली की यादीतली संख्या आणि थर्माकोलवरची संख्या जुळव. तुझ्या बोर्डाला फीडबॅक आणि इनपुट धरून २२के चार लागतात. तीन भरले आणि २के२ एक जास्त निघाला, तर चूक तिथंच सापडली. मग एक किंमत धरून ती सगळीकडं बसव, मग दुसरी. सगळ्या पट्ट्या एकाच दिशेनं ठेव, रजिस्टन्सला दिशा नसते, पण नंतर तपासताना मान वाकडी करावी लागत नाही.

चालू करताना ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला ६० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लाव. एलईडी बल्ब नको, जुना तारेचाच. स्पीकर अजिबात जोडू नको. बल्ब एकदा उजळून मंद झाला पाहिजे. तसाच पेटत राहिला तर लगेच बंद कर आणि ६८०ई च्या जागा, आयसीची दिशा आणि मायका (आयसी आणि हीटसिंकमधली पातळ चकती) बघ. मंद झाला तर आउटपुट आणि ग्राउंडमध्ये डीसी मोज, वीस-तीस मिलिव्होल्टच्या आत असला की ठीक. दोन्ही चॅनेलचा मोज, एकाचा बघून दुसरा धरून चालू नको. मग पाच मिनिटं गाण्याशिवाय तसाच चालू ठेव आणि बोटानं दोन्ही आयसी आणि दोन्ही १ई चाचपून बघ. चारही थंड किंवा कोमट असतील तर बल्ब काढ, आधी घरातला जुना स्पीकर जोड, आणि मंडळाचा चांगला स्पीकर दुसऱ्या दिवशी.

एखादा चॅनेल अडला तर मला फोटो नको पाठवू, रंग फसवतात हे वर सांगितलंच. त्या चॅनेलच्या ६८०ई आणि दोन्ही २२के चे एक-एक पाय उचलून मोजलेले आकडे आणि आउटपुटचा डीसी एवढं लिहून पाठव.